भांडणाचं भाषांतर

"ताई, पोरीला नवऱ्याचा फोन येत नाय, म्हनून तिचं लगीन खोटं हाय म्हनतात. आता बहिऱ्या पोरीला फोन कसा यायचा, तुमीच सांगा."

हनीफचाचांनी खुर्चीत बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. खालापूर फाट्याजवळ त्यांचं रंगांचं दुकान आहे. नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असतो, त्या दिवशी आकाशी होता. त्यांच्या मागे त्यांची मुलगी शाहीन उभी होती. मी तिला खुर्ची दाखवली, तिनं मान हलवून नको म्हटलं. ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग वडिलांच्या, मग पुन्हा माझ्या. आम्ही तिच्याबद्दलच बोलत होतो आणि तिला त्यातलं किती कळत होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कर्जतच्या बाजारात माझं पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाच्या तिकिटांचं ऑफिस होतं. होतं म्हणते, कारण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर मी ते भाचीच्या हवाली केलं. तरी अजून दिवसाआड तिथं जाऊन बसते आणि तिला नकोशी होते. लोक विचारतात, एवढ्या लोकांना परदेशी पाठवलंत, तुम्ही किती देश पाहिले? मी एकही नाही पाहिला. कधी सवड झाली नाही, आणि खरं सांगायचं तर एवढ्या लोकांना अडवलेलं पाहिल्यावर हौसही राहिली नाही.

आमच्या धंद्यात काय असतं ते थोडक्यात सांगते. पासपोर्ट म्हणजे तुम्ही कोण आहात हे तुमचा देश सांगतो. व्हिसा म्हणजे दुसरा देश म्हणतो, बरं, या. मधल्या जागेत माझ्यासारखे लोक बसतात. आमच्या भागातली निम्मी गिऱ्हाइकं आखातात नोकरीला जाणारी, माथेरानच्या हॉटेलांत शिकून तयार झालेले वाढपी, आचारी, आणि कोकणी मुसलमानांची घरं, ज्यांचे कुणी ना कुणी नातलग दोन पिढ्यांपासून समुद्रापार आहेत. यातल्या धडधाकट माणसांचं काम सरळ असतं. अडतं ते ज्यांचं शरीर अर्जातल्या चौकटीत बसत नाही त्यांचं.

पळसदरीचे एक काका मुलीकडे दुबईला निघाले होते. कारखान्यातल्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची सगळी आणि डाव्याची बरीचशी बोटं गेलेली. ठसे घेणारा मुलगा खाली बघत, सवयीनं म्हणाला, "बोटं ठेवा काका." काका शांतपणे म्हणाले, "ठेवली असती रं, पन ती खोपोलीला ऱ्हायली." तो मुलगा इतका ओशाळला की त्यानंच धावपळ करून वरच्यांची परवानगी आणली. काका जाऊन नातू बघून आले. ही हसत सांगण्यातली गोष्ट.

हसत न सांगण्यातली दुसरी आहे. खालापूरकडच्या एका कारखान्यातल्या इंजिनीअरला परदेशात कायमचं राहायला बोलावणं आलं. नवरा, बायको, मुलगी आणि चाकाच्या खुर्चीत बसणारा सोहम. सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली आणि उत्तर आलं की या मुलाच्या उपचारांचा भार आमच्या देशावर पडेल, म्हणून चौघांनाही नाही. एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही, असा तो नियम. माझ्या ऑफिसात बसून त्याची आई बोलून गेली, "याचं नाव घातलंच नसतं तर?" बोलल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. सोहम दारात होता आणि त्यानं ऐकलं होतं. त्यानं खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. ते कुटुंब इथंच राहिलं, बरं चाललंय त्यांचं. पण ती वळलेली खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर अपंग माणसाचं काम आलं की मला एका जागी बसवत नसे. मी ऑफिसातल्या ऑफिसात येरझारा घालायची.

तर शाहीन. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले. मुंबईला कर्णबधिर मुलांच्या शाळेत वसतिगृहात राहून ती शिकली, खुणांची भाषा तिथं तिची मातृभाषा झाली. परत आल्यावर चौक गावाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये केक आणि पेस्ट्री करायला लागली. तिची आई असेपर्यंत घरात दोघींच्या घरगुती खुणा चालत. आई गेली आणि घरात बाप-लेक उरले. बाप बोलणारा, लेक खुणा करणारी. हनीफचाचांचा समज असा की जरा मोठ्यानं आणि सावकाश बोललं की तिला कळतं.

तिचा नवरा इम्रानही बहिराच. त्याचे आजोबा आपल्याच रायगडातले, बोटीवरच्या नोकरीत गेले आणि तिकडचेच झाले. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, माझ्या भाचीची गिऱ्हाइकं अजून तिथं जातात. गार, पावसाळी देश आहे एवढं पुरे. बहिऱ्या तरुणांच्या मोबाईलवरच्या एका गटात दोघांची ओळख झाली. त्याच्या खुणा वेगळ्या, हिच्या वेगळ्या, दोघांनी मिळून तिसऱ्याच तयार केल्या. तो इकडे आला, घरच्यांनी रीतसर निकाह लावला आणि तो परत गेला. तिला मागून बोलवायचं होतं. कोणा दुसऱ्या एजंटानं अर्ज भरला आणि तो फेटाळला गेला.

कारणं दोन होती. एक, नवरा-बायकोत फोनवर बोलणं झाल्याचा पुरावा नाही, म्हणजे लग्न खरं असल्याची खात्री पटत नाही. दोन, बायकोनं इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची परीक्षा दिलेली नाही.

मी ते दोनदा वाचलं. कुणी खलबुद्धीनं लिहिलेलं नव्हतं ते. सगळ्यांना लावतात तोच नियम हिलाही लावला होता, इतकंच.

"चाचा, आपण पुन्हा भरू," मी म्हटलं.

तेवढ्यात शाहीननं टेबलावर थाप मारली. बहिरी माणसं लक्ष वेधायला टेबल वाजवतात हे मला नंतर कळलं, तेव्हा मी दचकलेच. तिनं मोबाईलवर टाइप करून माझ्यासमोर धरला. "मला विचारणे. अब्बा नाही. लग्न माझे."

मी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. नाकावरून घसरायची माझ्या चष्म्याला सवय आहे. पुढे तिनं माझं नाव तेच ठेवलं, एक बोट नाकावर खाली सरकवायचं. तिच्या भाषेत आजही मी घसरता चष्मा आहे.

परीक्षेच्या केंद्रावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं अगदी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, किती कमी ऐकू येतं त्यांना? आम्ही हेडफोनचा आवाज वाढवून देऊ."

"अजिबात ऐकू येत नाही."

"मग आम्ही त्यांना पुढच्या रांगेत बसवू."

मी आभार मानून फोन ठेवला. दुसरं काय करणार!

मग नियम चाळताना मला वाट सापडली. परीक्षेतून सूट मिळत होती. डॉक्टरांनी फक्त लिहून द्यायचं की अपंगत्वामुळे या व्यक्तीला भाषा शिकणं कायमचं अशक्य आहे. मला हायसं वाटलं. आमच्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर होते, भले गृहस्थ. त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर म्हणाले, "पोरीचं काम होऊ दे, मी लिहून देतो." त्यांनी लिहिलं आणि तिच्याकडून सही घ्यायला कागद पुढे केला. शाहीननं तो वाचला आणि त्यावर तळहात ठेवला. पेन घेतलं नाही.

मोबाईलवर लिहिलं, "मी इंग्रजी वाचणे येते. केकची रेसिपी सगळी इंग्रजी. शिकणे अशक्य, हे खोटे. का लिहिणे?"

"अगं, ते फकत कागदावर हाय," हनीफचाचा म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावरचे पेशंट बघायला लागतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नवरा तिकडं, तू हिकडं! ह्या एका सहीपायी संसार मोडशील काय गं?"

शाहीननं डोळे मिटून घेतले.

आपण कानांवर हात ठेवतो, तसं ते होतं. डोळे मिटले की तिचं जग बंद. हनीफचाचा बोलत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांच्याही ध्यानात आलं की समोर कुणी नाही. ते थांबले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला, आणि तोही आम्हा तिघांनाच ऐकू येत होता.

मला तिचा राग आला होता, हे लपवत नाही. समोर उघडं दार आणि ही उंबऱ्यावर अडून बसलेली. परतीच्या रिक्षात मी बाहेरच बघत होते. नंतर ऑफिसात एकटी बसले आणि तो मजकूर पुन्हा वाचला. शिकणं कायमचं अशक्य. तिच्या जागी मी असते तर मीही पेन हातात धरलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिला निरोप धाडला, परीक्षाच देऊ.

परीक्षा घेणाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. म्हणणं साधं होतं. तिची वाचण्याची आणि लिहिण्याची परीक्षा घ्या, ऐकण्या-बोलण्याची सोडा, कारण ती परीक्षा टाळत नाही, तिला ऐकूच येत नाही. एक उत्तर आलं की आपला ईमेल योग्य विभागाकडे पाठवला आहे. मग त्या विभागानं तो पहिल्या विभागाकडे परत पाठवला. मी रोज सकाळी कुलूप उघडलं की पंखा लावायच्या आधी कॉम्प्युटर लावायची. शाहीन कामावर जाताना ऑफिसच्या दारात थांबायची, मी नाही अशी मान हलवायची, ती जायची. रिसॉर्टमध्ये दुपारच्या सुट्टीत ती अभ्यास करत असे. तिच्याबरोबरची मुलं सांगत, क्रीमच्या पिशवीनं ट्रेवर इंग्रजी शब्द लिहिते आणि पुसते.

त्या दिवसांत इम्रानचा आणि तिचा मोठा खटका उडाला होता. मला ते पुढे कळलं, आणि कसं कळलं तेच सांगायचं आहे.

शेवटी परवानगी आली. तिनं वाचण्या-लिहिण्याची परीक्षा दिली. मार्क काही पेढे वाटण्यासारखे नव्हते, पण पास झाली. अर्धं काम झालं. उरलं लग्न खरं असल्याचं सिद्ध करणं.

इम्रान मध्ये एकदा रजा काढून आला होता. तो तिकडे बसच्या डेपोत वर्कशॉपमध्ये काम करतो. दोघं माझ्या ऑफिसात बसून बोलत होते आणि मी पहिल्यांदाच दोन बहिरी माणसं गप्पा मारताना जवळून पाहिली. हात, खांदे, गाल, सगळं एकदम चाललेलं. मला वाटलं ऑफिसात गर्दी झाली आहे. दोघं माथेरानला जाऊन आले, तिथले फोटो मी अर्जाला लावले. पण फोटो कुणीही काढतं. अधिकाऱ्याला हवं असतं रोजचं बोलणं.

"तुमचं बोलणं रेकॉर्ड केलेलं आहे का?" मी लिहून विचारलं.

शाहीन हसली. तिच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ कॉल साठवलेले होते. ती एकटी पडली की जुने कॉल लावून बघते, हे तिनं अगदी सहज सांगितलं. पण नियमात होतं की परभाषेतला कुठलाही पुरावा भाषांतरासह द्यावा. म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं कुणीतरी बघायचं, शब्दात उतरवायचं आणि सरकारला द्यायचं.

त्यासाठी पनवेलहून वंदनाताई आल्या. त्यांचे आई-वडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा त्या बोलायच्या आधी शिकल्या. आता बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतात आणि गरज पडेल तिथं दुभाष्याचं काम करतात. त्या आल्या आणि शाहीनचा चेहराच बदलला. इतके दिवस मी जिला मोबाईलवरच्या तुटक वाक्यांत ओळखत होते, ती मुलगी वंदनाताईंच्या आवाजातून धबाधबा बोलायला लागली. चेष्टा करत होती, नकला करत होती. माझ्या ईमेल लिहिण्याची नक्कल तर इतकी अचूक होती की मला माझीच लाज वाटली.

"कुठला व्हिडिओ देऊ या?" मी विचारलं. "वाढदिवसाचा? ईदचा?"

शाहीनच्या हातांबरोबर वंदनाताई म्हणाल्या, "नको. भांडणाचा द्या. वाढदिवस खोटे लोकही करतात."

हनीफचाचा शेजारी बसले होते. मी त्यांना सुचवून पाहिलं की चाचा, तुम्ही जरा चहा घेऊन या. ते म्हणाले, "माजी पोर हाय. मी का जाऊ?" शाहीननं खांदे उडवले. बसू दे, असा त्याचा अर्थ मलाही कळला.

व्हिडिओ सुरू झाला. वंदनाताई पडद्याकडे बघत, दोघांच्या खास खुणा आल्या की शाहीनला विचारून घेत बोलत होत्या, भाची टाइप करत होती. इम्रान म्हणत होता, डॉक्टर लिहून देतोय तर घे ना. एक कागद आहे. इथं येऊन फाडून टाक. शाहीन म्हणत होती, ते कागद कुणी फाडत नाही, ते तुझ्या देशाकडे राहणार. मी तिथं काम मागायला गेले की तोच कागद आधी पोचलेला असणार. इम्रान म्हणाला, तुला यायचंच नाही आहे. तुला बापाचं घर सोडवत नाही. आणि त्यानं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. पडदा काळा झाला. बहिऱ्या माणसाशी बोलणं तोडायचं तर याहून मोठं दार आपटणं नाही, वंदनाताईंनी आम्हाला मध्येच समजावलं.

बराच वेळ काळा पडदा. मग इम्रानचा चेहरा पुन्हा दिसला. आणि शाहीन बोलू लागली. वंदनाताईंचा आवाज इथं जरा खाली आला.

"मला यायचं आहे. तुला माहीत नाही मला किती यायचं आहे. इथं मला बोलायला कुणी नाही. किचनमध्ये मला सगळे ओके करतात, अंगठा दाखवतात, झालं. घरी अब्बा बोलतात, चांगलं बोलतात, माझ्यासाठीच बोलतात, पण ते तोंडानं बोलतात आणि मी ताट वाढते. आई गेल्यापासून या घरात माझे हात फक्त काम करतात. मी येणार आहे. पण मी जशी आहे तशी येणार आहे. अडाणी म्हणून आले तर तिथंही माझ्याशी कुणी बोलणार नाही."

भाचीची बोटं थांबली होती. मी हनीफचाचांकडे पाहायचं टाळलं. त्यांनी नखाच्या कडेचा रंग काढायला सुरुवात केली, तो निघत नव्हता. मग वंदनाताईंना म्हणाले, "ही घरात गप असायची, मला वाटायचं सुखात हाय." एवढंच. उठले आणि खरोखरच चहा सांगायला गेले.

मी शाहीनला विचारलं, हे देऊ ना? एवढं खासगी? तिनं वंदनाताईंमार्फत उत्तर दिलं, "देणं मला आवडत नाही. पण द्या. त्यांना आवाज हवा होता ना."

अर्ज गेला. मग वाट बघणं. बाहेरच्यांना वाटतं एजंटाचं काम अर्ज भरण्याचं असतं. अर्ज भरणं काही तासांचं काम, आमचा खरा धंदा वाट बघण्याचा. गिऱ्हाईक वाट बघतं ते त्याच्या घरी, आणि दिवसातून चारदा माझ्या दारात. मी त्या काळात चहा टाकायची आणि विसरायची. भाची म्हणायची, मावशी, बस ना एका जागी. कॉम्प्युटरवर अर्जाची स्थिती रोज तीच दिसायची, विचाराधीन. मनात सारखं यायचं की पलीकडे कुणीतरी माणूस बसून आपल्या पोरीचं भांडण वाचतोय. चहा पीत वाचत असेल. त्यानं कधी बायकोशी भांडण केलं असेल का? केलं असेल तर बरं.

मंजूर झालं.

शाहीन तिकडे गेली, एका बेकरीत कामाला लागली, तिथल्या खुणा शिकली. सगळं सोन्यासारखं झालं असं मात्र समजू नका. तो परवाना काही वर्षांचाच आहे. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे, आणि पुढची परीक्षा म्हणे याहून अवघड. तेव्हा नियम हेच असतील की आणखी कडक, कुणाला माहीत. मी त्या देशाच्या बातम्या हल्ली आपल्या तालुक्यातल्या बातम्यांपेक्षा जास्त बघते. जाणारी माणसं विमानात बसली की मोकळी होतात, असं मला तरुणपणी वाटायचं. आता तसं वाटत नाही.

पण तिच्या निघण्याच्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

विमान दुपारचं होतं. हनीफचाचा, मी आणि वंदनाताई तिला सोडायला मुंबईच्या विमानतळावर गेलो. तिकिटावर ती बहिरी असल्याची नोंद होती, म्हणजे विमानाचं गेट बदललं तर कुणी येऊन सांगावं. निरोप घेऊन ती आत गेली आणि आम्ही बाहेरून काचेला नाक लावून उभे राहिलो. आत काउंटरवर तिनं कागद दाखवले. तिथल्या माणसानं कुणाला तरी हाक मारली. आणि एक कर्मचारी तिच्यासाठी चाकाची खुर्ची घेऊन आला.

"पायांना काय झालंय तिच्या?" हनीफचाचा ओरडले. काचेपलीकडे अर्थातच काही गेलं नाही.

आत नुसता हातवाऱ्यांचा गोंधळ. कर्मचारी खुर्चीकडे बोट दाखवत होता, बसा. शाहीन स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत होती, मग पायांकडे, मग जागच्या जागी चालून दाखवत होती. कर्मचारी बिचारा कुणीतरी दिलेलं काम करत होता. मदत म्हणजे खुर्ची, एवढंच त्याला सांगितलेलं असणार. एवढं सगळं करून ही आता या खुर्चीपायी अडते की काय! आणि मनात म्हटलं, बस गं बाई, बस एकदाची, गेटपर्यंतच तर आहे.

ती बसली नाही. तिनं खांद्यावरची जड पिशवी काढून खुर्चीत ठेवली, नीट, आपण पाहुण्याला बसवतो तशी. मग खुर्चीच्या मागे जाऊन दांडे धरले आणि स्वतःच ढकलत निघाली. कर्मचारी थोडा वेळ बघत राहिला. मग हसला आणि रिकाम्या हातांनी तिच्या शेजारून चालू लागला, वाट दाखवत.

आमच्या दोन्ही बाजूंना माणसं काचेवर टकटक करत होती, आतल्या आपल्या माणसांना काही सांगायला बघत होती. आतली माणसं कानाशी हात नेऊन विचारत होती, काय? काय? कुणाचं कुणाला पोचत नव्हतं. शाहीन पार टोकाशी गेल्यावर थांबली आणि आमच्याकडे वळली. वंदनाताईंनी हात उंच केले. आणि एवढ्या अंतरावरून, काचेतून, त्या दोघी घरच्या ओट्यावर बसल्यासारख्या बोलू लागल्या.

"काय म्हनते?" हनीफचाचा विचारत होते. "अवो, काय म्हनते ती?"

"म्हणते, गोळ्या वेळेवर घ्या. दुकानात थिनरचा वास कोंडू देऊ नका, खिडकी उघडी ठेवा."

"तिला विचारा, भ्याली नाय ना?"

वंदनाताईंनी विचारलं.

"म्हणते, भ्याले. तरी जाते."

मग ती दिसेनाशी झाली.

परतीच्या वाटेवर पनवेलला वंदनाताईंना सोडायचं होतं, त्याच्या जरा आधी हनीफचाचा त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "जेवलीस का, हे कसं करायचं हातानं?"

वंदनाताईंनी दाखवलं. चाचांनी केलं. वंदनाताई म्हणाल्या, "हात बरोबर आहे. पण भुवया वर करा, चाचा. भुवया वर गेल्या तर तो प्रश्न होतो. नाहीतर तुम्ही तिला जेव म्हणून सांगताय असं होईल."

चाचांनी पुन्हा केलं. हात झाला, भुवया हलल्या नाहीत. पुन्हा केलं. त्यांच्या कपाळाला त्याची सवयच नव्हती. वंदनाताई पनवेलला उतरल्या, गाडी हमरस्त्याला लागली. मी शेजारी बसून गुपचूप बघत होते. रंगाचे डाग असलेला तो हात तोंडाजवळ जात होता, खाली येत होता, आणि दर वेळी हनीफचाचा पुढच्या आरशात बघून जोर लावून भुवया वर ढकलत होते. खालापूर आलं तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "हो चाचा, जेवलो मी."